डोक्याचा ताबा परत मिळाल्यावर

मी, खाली सही करणारी, धंदा दुकानांच्या पाट्या आणि काचा रंगवणे, आज कोणाच्याही दडपणाखाली, धाकाखाली अथवा औषधाखाली नसताना, पूर्ण शुद्धीत आणि अतिशय आनंदात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. असे सगळेच लिहितात म्हणा. पण माझ्याजवळ तसा कोर्टाचा शिक्का मारलेला कागद आहे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याजवळ असेल त्यांनी हात वर करावा.

माझ्या वकीलबाई म्हणतात, ‘अतिशय आनंदात’ हे कायद्याला लागत नाही. मला लागते. राहील.

कलम पहिले. मालमत्तेआधी हकिगत. मागे माझ्या मेंदूत गुठळी झाली आणि मी घराखालच्या कामाच्या खोलीत रंगाच्या डब्यांमध्ये आडवी झाले. पुढे काही महिने चमच्याला काय म्हणतात तेही मला सांगता येत नव्हते. माझ्या वतीने कोणीतरी ठरवणे भागच होते, म्हणून कोर्टाने माझ्या पुतण्याला माझा कायदेशीर पालक नेमले. ज्याचे नाक मी पुसले तो माझा पालक! पण त्या दिवसांत त्याने माझे जे केले, ते पोटच्या पोराने केले नसते. हे मी मुद्दाम इथे लिहिते, म्हणजे पुढचे वाचताना कोणी त्याच्यावर दात-ओठ खाणार नाही.

पुढे मी बरी झाले. त्याचे पालकपण मात्र बरे होईना.

पुतण्याचे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे सगळे मोजूनमापून. चहा अर्धा कप. खिडकी अर्धी उघडी. माझी शिडी त्याने परस्पर कोणाला तरी देऊन टाकली आणि माझ्यासाठी कपडे आणले ते सगळे बदामी. उभा जन्म मी लाल, पिवळ्या, निळ्या रंगांत हात बुडवले आणि म्हातारपणी मला बिस्किटासारखे नटवले! मी म्हटले, "अरे, एकदा विचारायचंस तरी."

तर म्हणतो, "काकू, तुला कशाला उगाच डोक्याला ताप?"

अहो, ताप झाला तरी डोके माझे ना! मी कोर्टात अर्ज केला की आता मला माझ्या हवाली करा.

त्यासाठी डॉक्टरांची तपासणी लागते, आणि तिथे मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. त्याचे असे आहे की दुकानाची काच आम्ही आतल्या बाजूने रंगवतो, म्हणजे पावसाने आणि पुसण्याने अक्षरे जात नाहीत. आतून उलटे लिहायचे, की रस्त्यावरच्याला सुलटे दिसते. डॉक्टर म्हणाले, "आजी, एक वाक्य लिहा बघू, कुठलंही." टेबलावर जाड काच, पलीकडे वाचणारा माणूस, हात आपला सवयीने निघाला उलटा. ‘मी आता अगदी ठीक आहे’ हे वाक्य आरशात पाहावे तसे कागदावर उतरले. डॉक्टरांनी पुतण्याकडे पाहिले, पुतण्याने छताकडे. त्या दोघांची तोंडे पाहून मला असे हसू फुटले की उचकी लागली. उचक्या देत देत मी सांगू लागले, "अहो, उलटं लिहिलं की सुलटं दिसतं!" बोलणे अगदी खरे होते, पण ती जागा बोलायची नव्हती.

शेरा आला: निर्णयक्षमता शंकास्पद.

(नंतर डॉक्टरांनी येऊन माझे काम पाहिले, डोक्याला हात लावला, नवा दाखला दिला आणि दवाखान्याचे दार माझ्याकडून रंगवून घेतले. माणूस भला आहे.)

तरी पुतण्याचा विरोध कायमच. कोर्टात न्यायाधीशबाईंनी त्याला कारण विचारले. मला वाटले, आता हा वजन, रक्तदाब आणि गोळ्या सांगणार. तो म्हणाला, "मी दार उघडलं तेव्हा ती जमिनीवर पडली होती, बाईसाहेब. मला ते दार पुन्हा उघडायचं नाहीये." आणि एवढा थोराड बाप्या माझ्याकडे न बघता रडू लागला. मला त्याची इतकी माया आली की क्षणभर वाटले, जाऊ दे, घालू बदामी.

मग बाईंनी मला विचारले, "मोकळीक मिळाली तर पहिल्यांदा काय कराल?"

"चपला घेईन. लाल. बहुतेक चावतील."

"मग?"

"मग लंगडेन. पण माझी मी लंगडेन."

बाई हसल्या. पुतण्याने नाक पुसले, उभा राहिला आणि म्हणाला, "माझा विरोध नाही. चावू देत तिला." त्याच दिवशी माझे डोके मला परत मिळाले. चपला चावल्या. फार मजा आली.

कलम दुसरे. वरचे घर व खालची खोली पुतण्याला. अट एकच: एकही भिंत बदामी रंगवायची नाही. नवी शिडीही त्यालाच. ती कोणाला दिल्यास मी स्वप्नात येऊन जाब विचारीन.

कलम तिसरे. बँकेतली शिल्लक वकीलबाईंच्या संस्थेला. आपला पालक बदलून हवा असलेल्या, किंवा आता नकोच असलेल्या माणसांच्या खटल्यांसाठी ती वापरावी.

कलम चौथे. माझे सगळे ब्रश समोरच्या शिवणवालीला. तिच्या पाटीवरचे एक अक्षर वाकडे आहे म्हणून ती जन्मभर मला टोचत आली. आता घ्या ब्रश आणि करा सरळ. बोलणे सोपे, करणे अवघड, हे तेव्हा तिला कळेल.

कलम पाचवे. बदामी कपड्यांची फडकी करावीत.

कलम सहावे. डोक्याचे काही सांगता येत नाही; ते पुन्हा जाऊ शकते. तसे झाल्यास माझा पालक पुतण्यालाच नेमावे अशी माझी इच्छा आहे. वकीलबाईंनी कपाळावर आठ्या घातल्या: "अहो, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. हे वेगळ्या कागदावर लिहा." वेगळ्या कागदावरही लिहिले आहे, पण मला ते इथेही हवे. कोणी विचारेल, त्याच्याशी भांडून परत त्यालाच? हो. माझ्यासाठी रडणारा पालक मला दुसरा कुठे मिळणार?

फक्त त्याने मला विचारायचे. खिडकी उघडू का, दिवा मालवू का, आज कुठला रंग घालतेस. मी चुकीचे उत्तर दिले तरी विचारायचे. मी त्याला ओळखले नाही तरी विचारायचे. उत्तर येणारच नाही असे झाले, तर माझ्यासमोर बसून विचारायचे, थोडे थांबायचे, आणि मगच ठरवायचे.

यावर मी वाचून, समजून, दोनदा हसून सही केली.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकी पूर्ण उघडी
दिनांक: आजचा, मंगळवार

सही: पाटीवाली

साक्षीदार १: काचा बसवणारा शेजारी (यांना मी ओळी आखायची माझी गुळगुळीत लाकडी पट्टी देणार होते, पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, तेव्हा म्हणाले, "पट्टी ठेवा, मला सही करू द्या.")

साक्षीदार २: उपरोक्त डॉक्टर

कलम सहा वाचले. मान्य आहे. विचारीन, आणि थांबेन.
— पुतण्या