आमचे बाबा बुडाले नव्हते

व्हिटबी,
गुरुवार, १९ ऑक्टोबर १९७८

सौ. विनीताईस,

हेटीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, सिरिलभावोजींचा रक्तदाब कुठवर चढला आणि तुमच्या परसातल्या लिंबाला यंदा लिंबं धरली का, हे तिन्ही प्रश्न मी मनापासून विचारते आहे. पण उत्तरं सवडीने दे, कारण आधी मला बोलायचं आहे. माझी तब्येत ठणठणीत. पित्ताशय काढून टाकल्यापासून मला कशाचा म्हणून त्रास नाही, एका नॉर्मनचा सोडला तर.

नॉर्मन म्हणजे आपला सख्खा धाकटा भाऊ, हर्बर्ट स्टॉरचा मुलगा. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण उरलेलं सगळं इंग्लंड त्याला ज्यूलियन रेव्हन्सकोर्ट म्हणतं. (एवढं लांब नाव चेकवर मावतं कसं, देव जाणे.) तू ऑस्ट्रेलियात पर्थला गेलीस तेव्हा तो लंडनच्या नाटकशाळेत तोंडात बूच धरून स्पष्ट बोलायला शिकत होता. त्यानंतरचं त्याचं थोर आयुष्य तुला तुकड्यातुकड्यांनीच कळलं असणार, म्हणून एकदाच नीट सांगते. आधी चार वर्षं तो टीव्हीवर मेलेला असायचा. पोलीस दार फोडून आत शिरायचे आणि गालिच्यावर आपला नॉर्मन पालथा. आई शेजारणींना बोलावून त्याच्या बुटांचे तळवे दाखवायची. मग त्याला त्या इस्पितळाच्या मालिकेत डॉक्टर केलं. नऊ वर्षं डॉक्टर होता. इथे नाताळला आला की बायका दुकानात त्याला गाठून पायावरच्या फुगलेल्या शिरा दाखवायच्या आणि हा गाढव खुशाल बघायचा, वर मान डोलवायचा. पुढे त्याने पैसे वाढवून मागितले, तर मालिकावाल्यांनी त्याला लिफ्टमध्ये घातला आणि लिफ्टचा दोर तोडला. त्या आठवड्यात माझ्या दारात अकरा पुष्पचक्रं आली. आता तो दुपारचा प्रश्नांचा कार्यक्रम चालवतो, त्यात जिंकणाऱ्याला चहाचा सेट देतात. दात नवे बसवले आहेत. केस कुणाचे आहेत ते मी विचारलं नाही.

हे सगळं करायचं तर करू दे. माणसाने पोटासाठी लिफ्टमधून पडावं, माझं काही म्हणणं नाही. पण त्याने बाबांना बुडवलं, ते मी खपवून घेणार नाही.

ते कसं झालं ते ऐक. अठ्ठावन्न साली कुठल्याशा मासिकाच्या बाईने त्याची मुलाखत घेतली. त्यात याने सांगितलं, की माझे वडील कॅप्टन होते आणि मी सात वर्षांचा असताना वादळात बोटीसकट गेले. बाबा तेव्हा स्वयंपाकघरात टोस्ट खात बसले होते. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर कुणी होतं का गं माझ्या, की एकटाच?" त्या दिवसापासून गुत्त्यात सगळे त्यांना कॅप्टन म्हणून सलाम ठोकायचे. बाबा हसायचे. पण ते कात्रण त्यांनी टोपीच्या अस्तरात ठेवलं होतं, ते मला एकोणसत्तर साली सापडलं, म्हणजे बुडाल्यानंतर अकरा वर्षांनी ते खुर्चीत बसल्याबसल्या गेले तेव्हा. ज्या माणसाने चाळीस वर्षं मासे धुरावायच्या धुराडीत उभं राहून हेरिंग टांगले, ज्याच्या अंगाचा धुराचा वास आंघोळीनेही जात नसे, त्याच्या पोटच्या पोराला त्याची लाज वाटावी?

बरं, एवढ्यावर थांबला असता तर मी गप्प बसले असते. (बसले नसते, पण ते असो.) बाबा गेल्यावर वर्षाने हा फोटोवाल्यांना घेऊन आला आणि आपल्या चर्चमध्ये समुद्रात गेलेल्यांच्या नावांची जी ओकची फळी आहे, तिच्यावर त्याने बाबांचं नाव कोरून घेतलं. त्या वेळचे पाद्री ठार बहिरे होते आणि इस्पितळाची मालिका एक दिवस चुकवत नसत. मी पित्ताशयापायी इस्पितळात आडवी होते, नाहीतर सुताराच्या पायाखालची शिडीच ओढली असती. आठ वर्षं हे असं चाललंय. वर टेकडीवर बाबांची कबर आहे, तिच्यावर मी दर रविवारी फुलं ठेवते, आणि खाली चर्चमध्ये तेच बाबा समुद्राच्या तळाशी आहेत. सगळ्या गावाला माहीत आहे, कुणी बोलत नाही. आपल्याकडची माणसं बोलत नाहीत, नुसती तुमच्यासमोरून रस्ता ओलांडून पलीकडे जातात.

आणि गेल्या फेब्रुवारीत एल्सी व्हेरिलचा कॉलिन गेला. खरोखरचा गेला, खरोखरच्या वादळात. एकोणीस वर्षांचा होता. तिचा नवरा अडुसष्टमध्ये गेला तो तुला ठाऊकच आहे. फळीवर त्याच्या नावाखाली एकच ओळ उरली होती, शेवटची. तिथे कोण आहे? हर्बर्ट स्टॉर. ज्यांनी उभ्या जन्मात मासा पकडला नाही, ते. एल्सीला पोराचं नाव बापाच्या नावाखाली हवंय, दुसऱ्या फळीवर नको. ती माझ्याकडे आली, चहा घेतला नाही, बसलीही नाही. म्हणाली, "हेटी, तुझ्या बाबांना माझ्या पोराच्या जागेवरून उठव." एवढंच. विनीताई, मी कुणाच्या बोलण्याने खाली मान घालणारी बाई नाही. पण त्या दिवशी मी फरशीकडे बघत राहिले.

आताचे पाद्री मिस्टर एस्क्यू तरुण आहेत आणि कागदांचे भारी भक्त आहेत. नाव काढायचं तर सगळ्या मुलांची लेखी संमती पाहिजे म्हणतात. नॉर्मनला मी चार पत्रं घातली. चारही वेळा उत्तरादाखल त्याचा फोटो आला, खाली छापील सही असलेला. ती सही चालेल का म्हणून मी पाद्रींना विचारलं. ते नाही म्हणाले.

तेवढ्यात लंडनहून टीव्हीवाल्यांचा फोन. 'पडद्यामागे कोण?' नावाचा त्यांचा एक कार्यक्रम आहे. एखाद्या प्रसिद्ध माणसाला थापा मारून बोलवायचं, खुर्चीत बसवायचं आणि त्याच्या आयुष्यातली माणसं एकेक करून बाहेर काढायची. आधी पडद्यामागून आवाज येतो, मग माणूस येतो, मग सगळे रडतात. त्यांना ज्यूलियन रेव्हन्सकोर्टची बहीण हवी होती. मी म्हटलं, येते. आणि पाद्रींचा कागद पर्समध्ये टाकला.

आता आपल्याकडे कुणाकडे रिकाम्या हाताने जायची रीत नाही. तेव्हा बाबांच्या जुन्या धुराडीतून हेरिंगच्या दोन जोड्या घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि त्याही पर्समध्येच ठेवल्या. यात माझं काय चुकलं ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

नॉर्मनच्या नजरेला पडू नये म्हणून आम्हाला सकाळपासून एका बिनखिडकीच्या खोलीत कोंडलं होतं. मी, त्याची मालिकेतली बायको (फरचा कोट, तोही घरात) आणि त्याचे नाटकशाळेतले मास्तर. मास्तर नव्वदीचे, ते झोपूनच होते. खोलीत हीटर धडधडत होता. अकरापर्यंत हेरिंग जरा बोलायला लागले. बारापर्यंत मालिकेतली बायको आपली खुर्ची सरकवत सरकवत पार दाराशी पोचली. एक वाजता कुणीतरी धुराचा वास येतोय म्हणून ओरडलं आणि थिएटरचा आगवाला बादली घेऊन धावत आत शिरला. त्याने हुंगलं, माझ्या पर्सकडे बघितलं आणि बादली खाली ठेवली. हल बंदराकडचा निघाला तो. म्हणाला, "बाई, ओकच्या भुशाची धुरी ना?" दिवसभरात माझ्याशी शहाण्यासारखं बोललेला तेवढा एकच माणूस.

मग फियोना नावाची पोरगी आली आणि तिने माझ्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर माझ्या आठवणी टाइप केलेल्या होत्या. त्या मी पाठ करायच्या होत्या! 'वादळाच्या त्या सकाळी आम्ही दोघं हात धरून धक्क्यावर उभे होतो आणि बाबांची बोट आलीच नाही.' मी म्हटलं, "पोरी, हे तुला कुणी सांगितलं?" तर म्हणे मिस्टर रेव्हन्सकोर्टच्या जुन्या मुलाखतींतून काढलंय. मी म्हटलं, हे मी बोलणार नाही. ती म्हणाली, "प्रेक्षकांना हेच आवडतं, मॅडम." मी म्हटलं, "प्रेक्षकांचे बाबा त्यांनी बुडवावेत. माझ्या बाबांना हात लावायचा नाही." तिला वाटलं मी घाबरले आहे. तिने मला पेपरमिंट दिली.

तर मी पडद्यामागे उभी. फटीतून नॉर्मन दिसत होता. खुर्चीत ऐटीत रेललेला, पायावर पाय. सूत्रधार बेसिल ट्रेंचर्ड (सगळा माणूस म्हणजे नुसते दात) गंभीर आवाज काढून म्हणाला, "आणि आता ऐका एक आवाज, वादळाच्या त्या सकाळचा." त्याच क्षणी नॉर्मनचं नाक वर झालं. लहानपणी बाबा गल्लीच्या टोकाला आले की त्यांच्या वासाने व्हायचं ना, अगदी तसंच. त्याला माझा आवाज ऐकायच्या आधीच कळलं. चेहरा पांढराफटक.

मी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि म्हटलं, "नॉर्मन, बाबा बुडाले नव्हते. बाबांना होडीत बसलं की उलटी व्हायची."

विनीताई, लोक असे हसले म्हणतेस! ट्रेंचर्ड ओरडला, बाई थट्टा करताहेत. मी पडदा बाजूला सारून सरळ बाहेरच आले. म्हटलं, "थट्टा तुमची चाललीय. माझा बाप टेकडीवर पुरलाय, येऊन बघा." मग मी नॉर्मनपाशी गेले. मला वाटलं आता हा उठून जाईल किंवा ते त्याचं रेव्हन्सकोर्टी हसू हसेल. त्याने माझ्या पर्सकडे पाहिलं आणि अस्सल आपल्या बोलीत, पंचवीस वर्षांत जी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती तीत विचारलं, "हेटे, कुणाच्या धुराडीतले गं?" मी म्हटलं, "कुणाच्या म्हणजे? बाबांच्याच आकड्यांवरचे."

ट्रेंचर्ड घड्याळ बघायला लागला. मग नॉर्मन आपणहून सांगायला लागला. त्याच्या सातव्या वाढदिवसाला बाबांनी त्याला बंदरातून फेरी मारणाऱ्या होडीत नेलं होतं. धक्का सुटतो न सुटतो तोच बाबा स्वतःच्या टोपीत ओकले. आणि आईला कळू नये म्हणून नॉर्मनला शपथ घालून, टोपी समुद्रात खंगाळून तीच ओली टोपी घालून घरी आले. नॉर्मन म्हणाला, "मला पोहायला येत नाही, त्यांनाही येत नव्हतं, आणि तरी मी हट्ट केला म्हणून ते बसले." आता कुणी हसत नव्हतं. मालिकेतली बायको तेवढी रडली, पण तिला सवय आहे.

नंतर मोटारी उभ्या करतात तिथे त्याने कागदावर सही केली. माझ्या पाठीवर ठेवून केली, कारण टेकायला दुसरं काही नव्हतं. आधी सवयीने रेव्हन्सकोर्ट लिहायला निघाला होता. मी म्हटलं, खबरदार. मग 'नॉर्मन स्टॉर' लिहिलं, शाळेतल्यासारखं, जीभ बाहेर काढून. आणि उभ्याउभ्या अर्धा हेरिंग थंडच खाल्ला, नव्या दातांत काटा अडकवून घेतला. हसायचं नाही असं ठरवूनही मी हसले.

पुढच्या बुधवारी आठ वाजता कार्यक्रम दाखवणार आहेत. सगळ्या इंग्लंडला कळेल. मग बोल म्हणावं गावाला काय बोलायचं ते.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला ऊन दे.

तुझी,
हेटी

ता.क. बुधवार, २५ ऑक्टोबर. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आता नुकताच कार्यक्रम संपला. मेल्यांनी सगळं कापलं! मी पडद्यामागून येते, मान हलवते, बस्स. लोकांचं ते हसणं मात्र ठेवलंय, आणि नॉर्मनच्या कुठल्याशा विनोदापुढे चिकटवलंय. कार्डावरचं ते धक्क्याचं वाक्य माझं म्हणून फियोनाने का कुणी कोमल आवाजात म्हटलंय. आठ वाजून वीस मिनिटांनी बाबा पुन्हा बुडाले. नॉर्मनचा फोन आला होता. उद्याच्या दुपारच्या कार्यक्रमात, तो थेट असतो, कुणाला कापता येत नाही, त्यात खरं सांगतो म्हणाला. मी विश्वास ठेवलेला नाही.

ता.क. २. गुरुवार. सांगितलं. म्हणाला, माझे वडील कॅप्टन नव्हते, बुडाले नाहीत, ते घरी खुर्चीत गेले. मग चहाचा सेट देताना त्याला राहवलं नाही आणि म्हणाला, ते साधे खलाशी होते. एकदम सगळं खरं त्याच्या पोटात टिकत नाही, हळूहळू आणू. पण सही खरी आहे. सोबत कागद जोडला आहे. (त्यावरचा तेलाचा डाग हेरिंगचा आहे, त्याने बिघडत नाही, मी पाद्रींना विचारलं.) पहिली सही माझी, दुसरी नॉर्मनची, तिसरी ओळ रिकामी आहे ती तुझी. माझ्या जूनमधल्या आणि ऑगस्टमधल्या पत्रांना तू गुडघ्यामुळे उत्तर दिलं नाहीस, असं तू म्हणशील. पण गेल्या नाताळच्या पत्रात सिरिलभावोजींनी मला भोळेपणाने लिहिलं होतं, की पर्थच्या तुमच्या चर्चमध्ये तू दर वर्षी कॅप्टन हर्बर्ट स्टॉर यांच्या नावाने मेणबत्ती लावतेस आणि बायका तुला पहिल्या बाकावर जागा देतात. मी तुला काहीच म्हणत नाही. तू बाक सोड, बाबा फळी सोडतील. एल्सी रोज दुपारी चर्चमध्ये जाऊन शेवटच्या ओळीखाली बोट ठेवून उभी असते.

ता.क. ३. नाताळाच्या आत कागद सहीनिशी आला नाही, तर मी स्वतः येते, तुझ्या बाकावर, तुझ्या शेजारी बसायला. विमानात हेरिंग नेऊ देतात का, ते विचारून ठेवलंय. देतात.