जरबेऱ्याच्या चार कुंड्या

महाड,
१५ नोव्हेंबर १९९७

प्रिय हफिजा,

हे पत्र वाचून तू मला पुन्हा कधी लिहिशील की नाही, ठाऊक नाही. वीस वर्षांची मैत्री पणाला लावून लिहितेय. तेव्हा मध्येच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझ्या जरबेऱ्याच्या चारही कुंड्या गेल्या. आता नाही, जुलैतच गेल्या. ऑगस्टच्या पत्रात मी लिहिलं होतं ना, लाल फुलाचा देठ हातभर झालाय आणि पिवळ्याला तीन कळ्या आहेत, ते सगळं खोटं. तेव्हा ओट्यावर नुसत्या मातीच्या कुंड्या होत्या आणि एकीत मी पुदिना लावला होता.

तू शिकवण्यात काही कमी ठेवलं नव्हतंस. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटातून ती रोपं तू मांडीवर घेऊन आलीस; शेजारी मी उलट्या करत होते आणि तुला काळजी रोपांची! कुवेतला जाण्याआधी तर मला तासभर समोर बसवून सगळं घोकून घेतलंस, मी चौथीच्या पोरांकडून पाढे घेते तसं. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. पाणी कडेकडेने, मधल्या कोंबावर थेंब नको. फूल कात्रीने कापायचं नाही, देठ बुडाशी धरून हलकेच पिरगाळून काढायचा. पावसाळ्यात कुंड्या घरात, पूर्वेच्या खिडकीत. आणि काही झालं तरी कोंबाची मान मातीत गाडायची नाही. मी हसले होते. म्हटलं, बागायतदाराच्या मुलीला तू शिकवतेस होय!

तीच मिजास नडली. जूनमध्ये मी अबोलीला, मिरचीला, हळदीला मातीची भर घातली, आपल्याकडे पावसाच्या तोंडावर सगळेच घालतात तशी. थोडं शेणखत उरलं. खिडकीतली तुझी रोपं मला केविलवाणी वाटली, माना उघड्या टाकलेली, घरात कोंडलेली. मी त्यांना अंगणात नेलं आणि चारही रोपांच्या माना बुडेपर्यंत माती आणि शेणखत चढवलं. माया म्हणून केलं गं, खरंच. वर पंधरा दिवस आपल्या महाडचा पाऊस. पानं काळी पडून लोळली. एक पान ओढून पाहिलं, तर अख्खा कोंब हातात आला, कुजलेला.

एवढ्यासाठी काय गळा काढतेस, असं तू म्हणशील. थांब. तू मला नुसती रोपं सांभाळायला दिली नव्हतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोलादपूरची एसटी धरायची आणि एक फूल तुझ्या अम्मीला नेऊन द्यायचं, हे खरं काम. अंथरुणाला खिळलेल्या बाईकडे कुणीतरी जावं, तासभर बोलावं, म्हणून तो फुलाचा बहाणा. जूनपर्यंत मी एकही शनिवार चुकवला नाही. अम्मी फूल पेल्यात ठेवून घ्यायची आणि मला वर्गातल्या पोरांच्या गमती सांगायला लावायची. तुझी भावजय आलिमा चहा ठेवताना म्हणायची, अम्मी कालपासून विचारतेय, उद्या शनिवार हाय ना गो?

फुलं गेली आणि मी जाणं थांबवलं. रिकाम्या हाताने काय तोंड दाखवू, असं वाटलं. या आठवड्यात नवीन रोपं आणीन, पुढच्या आठवड्यात आणीन, असं करत शनिवारामागून शनिवार गेले. तुला मात्र लिहीत राहिले, अम्मी बरी आहे, फूल बघून खूश झाली. गणपतीत रामा कंडक्टर आलिमाचा निरोप घेऊन आला. अम्मी म्हणते, फूल नसला तरी चालंल, तू ये गो. कुणी न सांगता तिने ओळखलं होतं. मी चाचणीचे पेपर तपासायचे आहेत म्हणून कळवलं. पेपर चाळीस होते, हफिजा. एका दुपारचं काम.

ऑक्टोबरात अम्मी गेली. त्या दिवशी मी पोलादपूरला गेले, बायकांत बसले, रडलेही. आलिमाने एका शब्दाने मला विचारलं नाही आणि मला ते सोयीचं वाटलं. मी अशीच गप्प राहिले असते, कदाचित जन्मभर.

पण परवा तुझं पत्र आलं. तू लिहिलंस, शेवटच्या दिवसांत मी अम्मीजवळ नव्हते पण तू होतीस, तुझे उपकार कसे फेडू. आणि लिहिलंस की दर फोनवर अम्मी सांगायची, कालिंदी येऊन गेली, फूल ठेवून गेली, अगदी शेवटच्या फोनवरसुद्धा. हफिजा, जुलैपासून अम्मी जाईपर्यंत मी त्या घराची पायरी चढले नव्हते. तुझ्यापाशी माझी लाज राहावी म्हणून ती खोटं बोलली. एक नमाज न चुकवणारी बाई, मरणाच्या दारात. आलिमालाही तिनेच गप्प बसवलं असणार. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, चौथ्यांदा वाचवेना. ते माझं नाही. सोबत परत पाठवतेय.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
कालिंदी