अँब्रोज प्रीस, वय वर्षे दोन

एल्मस्टो, हिअरफर्डशर
६ फेब्रुवारी १९६१

चि. अँब्रोज यास हेस्टरचे आशीर्वाद. तू बासष्टचा झालास म्हणून मी तुला चिरंजीव म्हणायचं सोडणार नाही.

वि. वि. तुझं अकरा पानी पत्र पोचलं. माझ्या गुडघ्यांची चौकशी एका ओळीत उरकलीस आणि उरलेल्या दहा पानांत वंशावळीच्या चौकटी आखून पाठवल्यास. त्या मी भरायच्या. का, तर कॅनडातल्या तुझ्या क्लबात जो तो इंग्लंडमधला कुणी नामांकित पूर्वज मिरवतो आणि तुझ्याकडे मिरवायला कुणी नाही.

तर ऐक. चर्चच्या नोंदवह्या लोखंडी पेटीत असतात. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली आमचे पाद्री मि. ओटले यांच्याकडे, दुसरी देवळाची व्यवस्था बघणाऱ्या मि. ग्विलियमकडे. पाद्रीसाहेब मोकळे असतात फक्त मंगळवारी, आणि मंगळवारी ग्विलियम मेंढ्या घेऊन बाजारला जातात. तीन मंगळवार हेलपाटे घातले. चौथ्या खेपेला ग्विलियमच्या बायकोने साखरेच्या डब्यातून किल्ली काढून दिली, तेव्हा कुठे पेटी उघडली. त्या खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही, धुराने कागद खराब होतात म्हणे. १७४० ते १७५२ ची पानं उंदरांनी खाल्ली, त्याबद्दल मात्र कुणाची काही तक्रार नाही. मी हातमोजे घालून पानं उलटायची आणि पाद्रीसाहेबांनी समोर बसून शिंकायचं, असं आमचं संशोधन चालतं.

आतापर्यंत सापडलेले प्रीस असे: तीन शेतमजूर, एक नालबंद, आणि एक बाई, जिला देवळात भांडल्याबद्दल समज दिल्याची नोंद समासात आहे. ती आपलीच, यात मला शंका नाही. देवळातल्या थडग्यावर कोरलेल्या दगडी सरदाराशी आपला संबंध दिसत नाही. त्याचं नाक तुटलेलं आहे, त्यामुळे नाकावरून ताडून बघायचीही सोय नाही.

या सगळ्याच्या बदल्यात पाद्रीसाहेबांनी ईस्टरपर्यंत वेदीवरच्या फुलांचं काम माझ्या गळ्यात मारलं आहे.

भावजय ओल्गाला सप्रेम नमस्कार. लोभ आहे तो पुरेसा आहे, तू चौकटी तेवढ्या कमी कर.

तुझी बहीण,
हेस्टर

ब्रँडन, मॅनिटोबा
१७ फेब्रुवारी १९६१

ती. हेस्टरताईस स. न. वि. वि.

पत्र वाचून करमणूक झाली, काम झालं नाही. तुझ्यामागे ना संसार, ना आता शाळा. चार पानं उलटायची तर एवढी कुरकुर कशाला? इथे उणे तीस आहे आणि मी रोज बर्फ उपसून पोस्टात जातो, ते तुझी ही कुरकुर आणायला.

सरदाराचं जरा जपून. तो आपला, असं मी क्लबात सांगून बसलोय. शेतमजुरांबद्दल अजून कुणाला बोललेलो नाही.

आता महत्त्वाचं. संपूर्ण तक्त्यात माझीच चौकट रिकामी आहे. जन्मतारीख माहीत आहे, बाप्तिस्म्याची नाही. आईने तसला एक कागद कधी दाखवला नाही. तेव्हा १८९० ते १९०० ची वही काढ आणि आपल्या घरातल्या सगळ्या नोंदी उतरवून पाठव. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं. एक ओळ गाळायची नाही.

ओल्गा म्हणते, मी बहिणीला राबवतो. ती तिच्या माहेरी सगळ्यांत थोरली, तिला मोठ्या बहिणी कशा असतात ते माहीत नाही.

तब्येतीला जप. लोभाचं तुझं तू बघ.

अँब्रोज

एल्मस्टो
८ मार्च १९६१

चि. अँब्रोज यास आशीर्वाद. वि. वि.

तुझा बाप्तिस्मा २७ नोव्हेंबर १८९८. भर तुझी चौकट. माझा १० जून १८९४.

एवढ्यावर हे काम आता थांबव. वही जीर्ण झाली आहे, पाद्रीसाहेबांना सर्दी झाली आहे आणि मला कंटाळा आला आहे. ही पेटी मी पुन्हा उघडणार नाही, तेव्हा पुन्हा विचारू नकोस.

हेस्टर

ब्रँडन
२९ मार्च १९६१

ती. हेस्टरताईस स. न.

ज्या बाईने पाच ओळींवर थांबणं आयुष्यात कधी जाणलं नाही, तिचं पाच ओळींचं पत्र आलं की माणसाने काय समजायचं? मी थेट तुझ्या पाद्रीसाहेबांना लिहिलं. त्यांनी आठ दिवसांत प्रीस घराण्याच्या नोंदी टाइप करून धाडल्या. सर्दी वगैरे काही झालेली नाही त्यांना.

त्यांच्या कागदाप्रमाणे माझा बाप्तिस्मा दोनदा झाला. एकदा जानेवारी १८९६ मध्ये, एकदा नोव्हेंबर १८९८ मध्ये. आणि मधे, ९ मार्च १८९८ रोजी, मला पुरलं. अँब्रोज प्रीस, मिल कॉटेज, वय वर्षे दोन. तोच बाप, तीच आई. खाली पाद्रीसाहेबांनी लिहिलंय की कारकुनाची चूक असावी. कारकुनाची चूक नाही हे मला कळतं, ताई. आपल्याला एक भाऊ होता, आणि त्याचं नाव मला लावलं.

मी हा कागद घेऊन बसलो तेव्हा ओल्गाने दोनदा विचारलं, कोण गेलं म्हणून. मी म्हणालो, मीच.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. आईने मला कधी नावाने हाक मारली नाही. पोरा म्हणायची, धाकट्या म्हणायची. तुझं नाव दिवसातून वीसदा घ्यायची. मला वाटायचं, तिला मी आवडत नाही. एकवीस साली बोटीत बसलो त्याचं निम्मं कारण तेच. तिच्या शेवटच्या आजारात तू तार केलीस आणि मी आलो नाही, त्याचंही.

तुला हे ठाऊक होतं का? तेवढं खरं सांग. आणि कंटाळ्याची सबब पुरे.

अँब्रोज

एल्मस्टो
११ एप्रिल १९६१

प्रिय अँब्रोज,

पाद्रीसाहेबांनी टाइप करायला घेतलं की गावात कुणाचं काही झाकलेलं राहत नाही. तुझ्यावरही मी रागावले आहे आणि त्यांच्यावरही. पण लिहिते.

मला ठाऊक नव्हतं. दफनाच्या वहीत तुझं नाव दिसलं तेव्हा मीही कारकुनालाच बोल लावला. मग बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी पाहिल्या आणि वही मिटून तडक मिसेस बफ्टनकडे गेले. मिल कॉटेजला त्या आपल्या शेजारीण होत्या. आता एक्याण्णवच्या आहेत, ऐकू कमी येतं, डोकं मात्र शाबूत. मी नाव घेतलं तशी त्यांनी विणकाम खाली ठेवलं. म्हणाल्या, शेवटी कळलंच तर तुला.

त्या फेब्रुवारीत गिरणीवाल्यांच्या घरी समारंभ होता. आई मला घेऊन गेली. मी डांग्या खोकला घेऊन परत आले. मी बरी झाले. माझा त्याला लागला, तो बरा झाला नाही. मी चार वर्षांचीही नव्हते. त्याला पुरून आल्यावर आई दारोदार गेली आणि तिने प्रत्येक बाईला सांगितलं की हेस्टरसमोर हे कधी काढू नका. पोर लहान आहे, विसरेल. मोठेपणी तिला कळता कामा नये की खोकला तिच्याकडून गेला. बायकांनी शब्द पाळला. आता त्यांच्यापैकी एकट्या मिसेस बफ्टन उरल्या आहेत.

तेच नाव पुन्हा ठेवायचं, हा हट्ट बाबांचा. आई बाळंतपणातून उठायच्या आत ते तुला देवळात घेऊन गेले. नाव घेतलं की तिला रडू फुटायचं, म्हणून ती घेत नसे. तुझा काही दोष नव्हता. तिने ते सगळं माझ्यासाठी गिळलं, आणि भोगलंस तू.

आणखी एक. माझी सगळ्यात जुनी आठवण तुला कितीदा सांगितली आहे: तू पिठाच्या चाळणीत बसलेला, अंगभर पांढरा, तांबूस कुरळे केस. तुझे केस काळे आणि सरळ होते रे. हे आजवर माझ्या लक्षातच कसं आलं नाही?

तुला हे कळू नये म्हणून मी पाच ओळी लिहिल्या. तुझं घर सोडणं, आईला शेवटचं न भेटणं, सगळं माझ्या एका खोकल्यापाशी येऊन थांबतं, असं मला वाटत राहतं. आता तुला काय म्हणायचं ते म्हण.

हेस्टर

ब्रँडन
२० एप्रिल १९६१

ती. ताईस शि. सा. न.

तू पावणेचार वर्षांची होतीस. तीस वर्षं शाळेत शिकवलंस, त्या वयाचं पोर केवढं असतं ते तुला मी सांगायचं का? यापुढे त्या खोकल्याबद्दल एक अक्षर लिहिलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन. मी बोटीत बसलो ते माझ्या पायांनी. आईला भेटायला आलो नाही ते माझ्या ताठ्याने. ते मला माझ्याकडे ठेवू दे, तू त्यात वाटा मागू नकोस.

तुझं पत्र ओल्गाला वाचून दाखवायला घेतलं. अर्धंच वाचता आलं, उरलेलं तिने वाचलं. मग म्हणाली, तुझी आई हेस्टरला आणि तुला एकदम वाचवू बघत होती, तिला एकच जमलं.

क्लबात आता जात नाही. त्यांना सांगायला माझ्याकडे जे आहे ते त्यांच्या पूर्वजांच्या गप्पांत बसत नाही.

एक काम कर, आणि या वेळी कुरकुर न करता. त्याच्यावर दगड नसणारच. लाव एक. नाव आणि सालं, बाकी काही नको.

अँब्रोज

एल्मस्टो
२ जुलै १९६१

चि. अँब्रोज यास अनेक आशीर्वाद.

कुरकुर न करता म्हणे. पाथरवटाला वाटलं, सालं लिहिताना माझी चूक झाली. १८९६–१८९८ चं त्याने १८९६–१९६१ करायला घेतलं होतं. वेळेवर गेले म्हणून वाचलो. पाद्रीसाहेबांनी जागेसाठी तीन अर्ज भरून घेतले आणि तिन्ही हरवले. शेवटी मिसेस बफ्टनना चाकांच्या खुर्चीतून नेलं. उत्तरेच्या भिंतीलगत, एल्डरच्या झुडपाखाली, त्यांनी काठीने जागा दाखवली.

दगड बसला त्या दिवसापासून निम्मं गाव, नाव तेवढं वाचून तू गेलास असं समजून, माझ्या दारात सांत्वनाला. ग्विलियम हॅट काढून उभे राहिले आणि म्हणाले, तुझी आणि त्यांची शाळेत मारामारी झाली होती ती त्यांनी मनापासून माफ केली आहे. तीन फ्रूट-पाय भाजून आले, एक सुंठीचा केक. तो नव्हे, हा वेगळा, असं सांगून माझा घसा बसला. केक परत घेतो का कुणी? मीच खाल्ला.

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिथे एकटी गेले. वाटलं, आईने तेवीस साली डोळे मिटेपर्यंत जे नाव घेतलं नाही ते आपण एकदा घ्यावं. घेतलं, मोठ्याने. पण हे नाव मी जन्मभर तुझ्यावर वैतागूनच घेत आले. तोंडातून निघालं तेही तसंच, आता कुठे उलथलास असं विचारल्यासारखं. इतकी वर्षं त्याच्यावर कुणी वैतागलं नव्हतं. मी तिथेच गवतात बसले आणि बराच वेळ उठले नाही.

ओल्गाला घेऊन सप्टेंबरात ये. मागची खोली रंगवून घेतली आहे.

तुम्हा दोन्ही अँब्रोजची बहीण,
हेस्टर