गोदूमावशींचे वाल

भाईंदर पश्चिम
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय रुचिता,

गोदूमावशींना माझा नमस्कार सांग. सांगावासा वाटला नाही तर राहू दे. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कागदावर लिहून तुझ्या भावाच्या, विकीच्या हातात देते आहे. जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. क्लबच्या गोल्फ मैदानावर रोज कापलेलं गवत पूर्वी कचऱ्याच्या गाडीतून जायचं. मी नोकरीला लागल्यावर त्याचं खत करायला सुरुवात केली.
२. उन्हाळ्याच्या शेवटी मैदानाचा मुकादम दशरथ याने तण मारायचं नवं औषध फवारलं. ते रुंद पानांची झाडं मारतं, गवताला काही करत नाही.
३. खत तयार झाल्यावर मी उष्णता, ओल, जंतू तपासले. त्यात एखादं रोप लावून पाहिलं नाही.
४. त्या खताच्या गोण्या मी राई गावात तुमच्या वाडीत पाठवल्या. मावशींनी त्यात वाल पेरला.
५. पानं चमच्यासारखी वळली. वेल मांडवावर चढलाच नाही.
६. हे औषध गवत कुजून खत होतानाही नष्ट होत नाही. वाल रुंद पानांचा आहे.

क्लबच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. सेक्रेटरी म्हणाले, “अरे, गाँववालों ने पानी ज़्यादा दिया होगा.” दशरथ बाहेर आल्यावर म्हणाला, “मॅडम, आपल्याला गवत हिरवं ठेवायचा पगार मिळतो. भाजीचं तुम्ही कशाला मनाला लावून घेता?” बाकीच्या गोण्या मी शेडमध्ये टाकून कुलूप लावलं आहे. किल्ली माझ्याकडे आहे. त्यावरून दोघंही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. डबा मी आता कंपोस्टच्या शेडजवळ बसून खाते. तिथे वास येतो, पण कुणी येत नाही.

तुझा राग खतावर नाही हे मला माहीत आहे. मावशी दरवर्षी अर्धंच बी पेरतात, अर्धं राख चोळून डब्यात ठेवतात. त्यांच्या सासूबाईंपासूनची ती रीत. यंदा त्यांनी डबा पुरा रिकामा केला, कारण त्या वेळी मी तिथे उभी होते. तू म्हणत होतीस, “आई, थोडं ठेव.” आणि त्या म्हणाल्या, “आपल्या पंचीचा खत हाय, मंग घाबराचा कशाला?”

मी गप्प राहिले. मला बरं वाटलं होतं. मला “आपल्या” म्हणणारं इथे दुसरं कुणी नाही. आईबाबा परभणीला परत गेल्यापासून तर नाहीच.

विकी परवा स्टेशनला रिक्षात भेटला. मी विचारलं, मावशी कशा आहेत. म्हणाला, “आई काय बोलत न्हाय, ताई. वाडीत पन जात न्हाय. तुला एवडी काळजी हाय तर ये ना घरी, चाय पी.” मग स्वतःच म्हणाला, “नको, ताई कापंल मला.” ताई म्हणजे तू.

आता एक गोष्ट, जी वरच्या क्रमात लिहिली नाही.

गेल्या वर्षी मावशींनी मला बरणीभर वाल दिले होते, त्याच डब्यातले, राख लावलेले. “बिरडं कर, पोरी, नुसती मॅगी खाऊ नको.” नंतर त्यांनी विचारलं तेव्हा मी “छान झालं” असं सांगितलं. मी बिरडं केलंच नव्हतं. वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला, आणि मग ताटावर एकटीने बसा. बरणी काढायचे आणि परत ठेवायचे.

डिसेंबरात खत तपासायला बी हवं होतं. तेव्हा ती बरणी उघडली. काही कुंड्यांत क्लबचं खत घातलं, काहींत साधी माती. खतातली रोपं तुमच्या वाडीतल्यासारखीच वळली. मातीतली नाहीत. ती गॅलरीच्या ग्रिलवर चढली आहेत आणि आता त्यांना वर जायला जागा नाही. समोरच्या गुजराती काकू रोज विचारतात, “बेटा, ये क्या लगाया?” मी नाव सांगते. कुणाचे ते सांगत नाही.

बरणीत अजून निम्मे वाल आहेत. म्हणजे मावशींचं बी गेलेलं नाही.

कुंड्या आणि बरणी मी तुमच्याकडे आणू शकते. जुन्या वाफ्यात लावायचं नाही. ती माती यंदा वापरू नका, मी तपासून सांगेन तोवर. विहिरीच्या बाजूची जागा चालेल. मावशींनी मला आत घेतलं नाही तरी हरकत नाही, कुंड्या दारात ठेवून निघेन.

हे वाक्य खरं नाही. मला हरकत आहे. तरीही ठेवून निघेन.

तुला मी येऊ नये असं वाटत असेल तर विकीला रिक्षा घेऊन पाठव, मी सामान खाली आणून देईन. मी आलेलं चालणार असेल तर तसं लिही. रविवारी सकाळी निघायचं म्हणजे वेलांना आधी काठ्या बांधाव्या लागतील.

कृपया शुक्रवार, १७ जानेवारीपर्यंत उत्तर दे.

पंचशीला
(मावशींना वाचून दाखवलंस तर, पंची)