डावे हात

१२ जानेवारी
निशाचा पाठ परत आला! खालच्या मजल्यावरची ही करंजा गावची पोरगी पाचवीला गणित शिकवते, जीव ओतून. प्रगत शिक्षक प्रमाणपत्रासाठी आपल्या वर्गाचं सलग चित्रीकरण पाठवायचं असतं. शिवाय मुलं कुठे अडली, आपण काय केलं, ते लिहायचं. परीक्षकांचा शेरा — 'एकही मूल चुकत नाही. मग आपण शिकवलंत काय?'
आता एकच संधी उरली.

१३ जानेवारी
कारण कळलं. मुख्याध्यापकांची युक्ती. तपासणीला कोणी आलं की सगळ्या मुलांनी हात वर करायचा — येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाईंनी उजवेच उठवायचे. पाहुणे खूश. चित्रीकरणातही तेच केलं.
"आणि तू ऐकलंस?"
"सरांना नाही कसं म्हणू, मावशी?"
"तोंडाने."
आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर हात वर करणाऱ्याला विचारायच्याच नाहीत. खाली बघणाऱ्याला गाठायच्या. तेव्हा मी त्यांना शिव्या घालायचे — मनात, शुद्ध इंग्रजीत.

२० जानेवारी
उद्या पुन्हा चित्रीकरण. निशा जेवली नाही.

२१ जानेवारी
फजिती. 'आज कुठलाही हात वर करा,' असं तिने मुलांना बजावलं होतं. पण अंगवळणी पडलेलं! एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश, असं विचारताच निम्मे हात डावे. कॅमेरा चालू, सर दारात. निशाने मग डाव्यांनाच उठवलं. पहिला जीवन.
"आठवाला, बाई. आठ मोठा हाय."
"एक भाकरी चौघांत वाटली आणि एक आठांत. तुला जास्त कधी?"
त्याने बोटांवर वाटणी करून पाहिली. मग — "चौघांत. मंग आठवाला मोठा नाय!"
सर दारातूनच निघून गेले. "संपलं, मावशी," म्हणून निशा माझ्या स्वयंपाकघरात रडली. मी चहा टाकला. म्हटलं, हे सगळं लिही, युक्तीसकट.
"सरांचं नाव?"
"नाव कशाला? तेवढी सभ्यता ठेव."

१७ मार्च
पास! परीक्षकांना डावे हातच आवडले. मी जिना चढताना गुडघा विसरले.

२४ मार्च
सरांचाही पाठ परत आलाय. तेही परीक्षेला बसले होते, कुणाला बोलले नव्हते. आज निशाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. शेवटी तिने विचारलं, कोणाकोणाला कळलं? मुलांबरोबर सरांनीही हात वर केला.
डावा.