चौतीस विरुद्ध चौतीस

प्रॉव्हिडन्स,
मंगळवार, ८ जून १७९०

प्रिय एबनदादा,

तू, वहिनी आणि मुली खुशाल असाल असं धरून चालतो, कारण गेल्या दहा दिवसांत तुझी एक ओळही आलेली नाही. आम्ही ठीक आहोत. रूथचा ताप उतरला. माहेरी तिला विश्रांती मिळते आहे. तिचे वडील रोज न्याहारीला मला विचारतात, शाळा कधी उघडणार? मी म्हणतो, सोमवारनंतर. कोणत्या सोमवारनंतर ते सांगत नाही.

शहरात अजून आनंदीआनंद आहे. आपलं ऱ्होड आयलंड अखेर अमेरिकेच्या संघराज्यात गेलं म्हणून तोफा उडाल्या, घंटा वाजल्या. परवा न्हाव्याकडे गेलो. साबण लावता लावता त्याने गाव विचारलं, मी सांगितलं. त्याचा वस्तरा थांबला. "म्हणजे ज्यांचे दोघे प्रतिनिधी मतदानाला आलेच नाहीत ते गाव? देव पावला हो आम्हाला. तुमची दाढी फुकट." मी पैसे ठेवले आणि एक गाल तसाच घेऊन बाहेर पडलो.

तू विचारशील, दिवसभर करतो काय. वही लिहितो. तुला माझ्या वह्यांचा राग आहे, "लिहायला बसलास की कामं उठून जातात," असं म्हणायचास. या खेपेला तर जे झालंच नाही ते लिहितो आहे.

चौतीस विरुद्ध बत्तीस. न्यूपोर्टच्या अधिवेशनात संघराज्याची घटना एवढ्याशा फरकाने मंजूर झाली. मी हजर राहून, गावाने बजावल्याप्रमाणे, विरोधात मत दिलं असतं तर चौतीस विरुद्ध तेहतीस. निकाल तोच. या हिशोबावर मी दोन दिवस बरा झोपलो. तिसऱ्या दिवशी आपला दुसरा प्रतिनिधी आठवला, एनॉक शेल्डन. एनॉक माझ्याशिवाय हात वर करत नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणजे चौतीस विरुद्ध चौतीस, आणि मग सगळं अध्यक्षांच्या एका मतावर.

तिथून मी पुढे लिहीत गेलो. एका इतिहासात अध्यक्ष नाही म्हणतात. आपण एकटे राहतो, आणि प्रॉव्हिडन्स शहर धमकी दिल्याप्रमाणे आपल्यातून फुटतं. मधल्या पुलावर पहारा बसतो. रूथला वडिलांना भेटायला परवाना लागतो, आणि तो देणारा शिपाई माझाच जुना विद्यार्थी असतो. दुसऱ्या इतिहासात आपलं बघून दक्षिणेतली दोन राज्यं बाहेर पडतात, एकाची तीन संघराज्यं होतात आणि त्यांतलं एक आपल्या सेनापतीला मुकुट घालतं. तिसऱ्यात आपण छोटे, स्वतंत्र आणि सुखी असतो. तो मला फार आवडला होता. मग लक्षात आलं की न्यूपोर्टची जहाजं त्यातही गुलाम म्हणून विकायला माणसं भरून आणत आहेत आणि त्यांना अडवणारं आता वर कोणीच नाही.

दादा, गावाच्या आज्ञापत्रात ते वाक्य तूच घातलंस ना, ज्या घटनेने माणसांचा व्यापार आणखी वीस वर्षं चालू ठेवला तिला आमचा होकार नाही, हे? ते मला पटलं होतं. पण बाहेर राहून तो व्यापार थांबेल, हे पटलं नव्हतं. हो म्हटलं तर गावाला दगा, नाही म्हटलं तर मनाला. मी अधिवेशनात चार दिवस हे उलटंपालटं करत बसलो होतो. म्हणून रूथच्या तापाचा निरोप आला तेव्हा, देव मला क्षमा करो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी घरी निघालो, आणि मी निघालो म्हणून एनॉकही निघाला. शनिवारी सकाळी दोघांनी नावेने मतदानाला परत जायचं ठरलं होतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. काल आपला गिरणीवाला बाजारात भेटला. येत्या सोमवारच्या गावसभेत डॉर्कस नाइल्सकडून धक्क्यावरची उतारूंची नाव काढून घ्यायचा अर्ज आहे म्हणाला. न्यूपोर्टच्या व्यापाऱ्यांनी तिला फितवलं, त्या शनिवारी तिने नाव मुद्दाम पलीकडच्या काठाला ठेवली आणि गावाची दोन मतं बुडवली, असा आरोप आहे. एनॉक साक्ष देणार आहे आणि अध्यक्षस्थानी तू. ती म्हणते, मास्तर स्वतः धक्क्यावर आले होते. त्यावर लोक हसले. आपल्या टेफ्टांच्या घरातला, कॉलेजात शिकलेला माणूस खोटं बोलतो, की नवरा बुडाल्यापासून भांडत जगणारी ती बाई?

तो अर्ज पुढे ढकलता आला तर बघ. मला आठवतं त्याप्रमाणे त्या दिवशी वारा जरा लहरी होता आणि

हे वाक्य खोडत नाही. खोटं आहे, ते दिसू दे.

वारा चांगला होता. सात वाजता मी धक्क्यावर पोचलो. डॉर्कस शीड सोडून बसली होती. मी दोऱ्या बांधायच्या खुंटाशी उभा राहिलो. तिने तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाली, "मास्तर, बसा की आता. तुमच्या डोक्यातलं ओझं धरूनही नाव बुडायची नाही."

मी म्हणालो, आज जमणार नाही.

"तुम्हाला की तुमच्या पायांना?"

मी तिथूनच परत फिरलो. गिरणीच्या वळणावर एनॉक समोरून आला, धुतलेला सदरा घालून, हातात पावाचं गाठोडं. त्याने काही विचारण्याआधीच मी बोललो. "नाव पलीकडे गेली आहे, एनॉक. आज परत येत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, "वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावायच्या राहिल्यात." आणि निघून गेला. त्याने धक्क्याकडे वळूनही पाहिलं नाही, कारण सांगणारा मी होतो. सोमवारी तो शपथेवर जे सांगेल ते त्याच्या लेखी खरंच असेल.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तुला एक विनंती लिहिली होती. हे फक्त तू वाच, जाळून टाक आणि काही निमित्त काढून अर्ज निकालात काढ; तुला शोभेल ते कर. तो कागद दुपारभर टेबलावर होता. मग मला त्यात तोच माणूस दिसला, धक्क्यावर उभा राहून दुसऱ्या कोणीतरी ठरवण्याची वाट बघणारा. तो कागद मी फाडला.

तेव्हा आता असं कर. अर्ज वाचण्याआधी हे पत्र सभेत मोठ्याने वाच, न्हाव्यापासून वाटाण्यांपर्यंत सगळं. तुझं नाव जिथे येतं तेही गाळू नकोस. मी रविवारी घरी पोचतो आणि सभेला येतो. तुझा आवाज अडला तर पुढचं मी वाचेन. एनॉकशी मात्र मला सभेआधी बोललं पाहिजे. ते त्याला चारचौघांत कळू नये. मतदारांच्या यादीतून माझं नाव काढायचा ठराव कोणी आणला तर मला वाचवायला जाऊ नकोस. शाळा गेली तर जाईल. रूथला मी काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, डॉर्कस दहा दिवस बोल खाते आहे, तुम्ही इथे बसून कसली राज्यं रचत होता?

मी त्या नावेत चढलो असतो तर न्यूपोर्टला पोचून हो म्हणालो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तू सभेत विचारलंस तरी येणार नाही. पण नावेचं विचार. नाव धक्क्याला होती.

तुझा धाकटा भाऊ,
सायलस टेफ्ट