पालखीचा पुढचा खांदा

११ मार्च, सकाळी
उजवा हात वर जात नाही. बारा एप्रिलला गावदेवीची पालखी. पुढचा दांडा आमच्या घराचा मान, आजोबांपासून. सानपाड्याच्या जाई डॉक्टरांनी ड्राय नीडलिंग सांगितलंय. औषध नाही, नुसती सुई, थेट स्नायूच्या गाठीत. चार मंगळवार. आजपासून सुरू. दिवाळे गावची कोळी माणसं आपण, सुईला कोण घाबरतंय.

संध्याकाळी
झालं. ओरडलो नाही. बाहेर नंबर लावून बसलेली म्हातारी उठून घरी गेली. तिला काही काम असेल.

१२ मार्च
ठणकतोय. एक-दोन दिवस दुखेल असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण एवढं?

१४ मार्च
ठणका गेला. हात कानापर्यंत पोचतो. म्हणजे एका सुईत बरा. काहींची बॉडीच तशी असते.

१८ मार्च
सानपाड्यात पार्किंग मिळत नाही. गेलो नव्हतो, पण मिळालं नसतंच. क्लिनिकचा फोन आला, तो बायकोकडे दिला. नमिता बराच वेळ हसून बोलत होती. तिचाही खांदा दुखतो म्हणे. रोज मासळीचा टप उचलते, सवय असेल.

२५ मार्च
अमावास्या जवळ आली. अशा दिवसांत अंगात लोखंड घालू नये, असं आई म्हणायची. म्हणजे म्हणाली असती. नमिता दुपारी नटून निघाली. विचारलं तर म्हणे, सानपाड्याला काम हाय. बांगड्या घ्यायच्या असतील.

१ एप्रिल
शेवटचा मंगळवार. आज जायचंच ठरवलं. पामबीच रोडला सिग्नल लाल लागला, परत आलो. चुलतभाऊ धनेश विचारत होता, दादा, जमंल ना, नायतर मी हाय. त्याला म्हटलं, लोखंड आहे लोखंड.

१० एप्रिल
पंख्याच्या बटणापर्यंत हात जात नाही. इलेक्ट्रिशियनने बटण उगाच वर बसवलंय.

१२ एप्रिल
दहा पावलं चाललो. मग खांदा गेला. देवी माझ्या बाजूला कलली. धनेश धावला, पण त्याच्याआधी नमिता. पदर खोचला, मला कोपराने बाजूला सारलं आणि दांडा खांद्यावर घेतला. बाईने घ्यायचा की नाही, हे विचारायला कुणाला सुचलंच नाही. चालता चालता म्हणाली, तुमचे तीन मंगलवार फुकट जात व्हते, मीच टोचून घेतलं.

पालखी देवळापर्यंत नीट गेली. मान घरातच राहिला. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

मला गुलाल उधळायचं काम दिलं. डाव्या हाताने उधळला.